‘समजेल’ लिहायचं नाही

आमच्या अध्यापक विद्यालयात एका शब्दाला बंदी होती. शिवी नव्हती ती. साधा, घरोघरी वापरला जाणारा शब्द होता, ‘समजेल’. शिकवायला उभं राहण्याआधी आम्हाला पाठाचं टाचण लिहावं लागे, आणि त्यात एक रकाना असे उद्दिष्टांचा. पाठ संपल्यावर पोरांना काय यायला हवं, ते त्या रकान्यात आधीच लिहून ठेवायचं. तिथं ‘विद्यार्थ्यांना अमुक समजेल’ असं लिहून जो कुणी सरांच्या टेबलापाशी गेला, त्याच्या टाचणावर लाल पेन्सिल अशी काही फिरायची की मागच्या पानालाही भोक पडायचं. ‘कळेल’ चालत नव्हतं. ‘उमगेल’ चालत नव्हतं. ‘ज्ञान होईल’ म्हटलं की सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे, आणि मग समोरच्यानं मुकाट खोलीबाहेर जायचं असा रिवाज होता.

‘समजेल हे तुम्हाला दिसणार कसं, बाई?’ ते विचारायचे. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी, पण पहिल्या दिवसापासून त्यांनी आम्हाला बाईच केलं होतं, आणि पोरांना गुरुजी. ‘समजणं डोक्याच्या आत होतं. डोकं फोडून बघायची परवानगी अजून शासनानं दिलेली नाही. पोरगं काय करील ते लिहा. करील, दाखवील, मोजील, जोडील. माझ्या डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लिहा.’

मी काष्टीची. बाजाराच्या गावची, तोंडानं फटकळ, कुणापुढं हार जायची सवय नसलेली. जामखेडच्या बाजूच्या या आडगावातल्या विद्यालयात मला प्रवेश मिळाला तो केवळ दुसरीकडं मिळाला नाही म्हणून. वर्षभर हे असलं ऐकून घ्यायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. मुलांनी सरांचं नावच ‘स्पष्टीकरण’ पाडलं होतं. ‘स्पष्टीकरण येतंय’ अशी कुजबूज झाली की गप्पा थांबायच्या.

दिसायला उंच आणि पोक काढलेले. ऐन मे महिन्यातही अंगात कोट, आणि कोटाच्या दोन्ही खिशांत दोन्ही टोकांनी तासलेल्या लाल पेन्सिली. एक काळी छत्री सदा काखेत. गाव पुणतांबं, म्हणजे गोदावरीच्या पाण्यात डुंबत वाढलेला माणूस, आणि नोकरी मात्र अशा मुलखात जिथं छत्री बघून लोक हसत. ‘मास्तर, कोनच्या पावसाची वाट बघताय?’ असं पारावरचं कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘पावसाची नाही. डोक्यावर सावली पडेल, एवढंच उद्दिष्ट आहे.’

न्हाव्यापुढं बसतानाही त्यांची हीच तऱ्हा. ‘बारीक कापा’ असं ते कधी म्हणाले नाहीत. ‘कात्री थांबेल तेव्हा दोन्ही कानांच्या पाळ्या मोकळ्या दिसतील आणि टोपी डोक्यावर फिरणार नाही.’ न्हाव्यानं कापून झाल्यावर सर खरोखरच टोपी घालून ती फिरवून बघत. त्यांच्या घरी आम्ही एकदा हळदीकुंकवाला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, ‘चहा चांगला झालाय का, हे विचारायची सोय नाही गं आमच्याकडं. चांगला म्हणजे काय, असं उलट विचारतात. मी आपली कप रिकामा झाला का तेवढं बघते.’ काकू हसत होत्या, पण फार वर्षं हसून झाल्यावर माणूस हसतो तसं.

सराव पाठाच्या वेळी बाकीचे अध्यापक वर्गात मागच्या बाकावर बसायचे. सर बाहेर खिडकीशी उभे राहायचे, आणि खिडकीही अशी निवडायची की आम्ही नव्हे, पोरांची तोंडं दिसतील. मी एकदा चिडून विचारलं, तर म्हणाले, ‘तुमचं ऐकायला मी आलेलो नाही. तुम्हाला बोलता येतं हे काष्टीच्या बाजारालाही ठाऊक असेल. मला पोरं बघू द्या.’

त्यांचा खरा राग होता तो वर्गातल्या ‘हो’वर. शिक्षकानं ‘समजलं का?’ विचारायचं आणि सगळ्या वर्गानं एका सुरात ‘होऽऽ’ म्हणायचं, हे आपल्याकडं बालवाडीपासून चालत आलेलं आहे. मी अपूर्णांक शिकवत होते. त्यासाठी दोन भाकऱ्या आणल्या होत्या, एकीचे भाग करून दाखवले होते, आणि पाठ चांगला रंगला होता. शेवटी मी सवयीनं विचारलं, समजलं का? वर्गानं दणक्यात ‘होऽऽ’ म्हटलं. खिडकीतून आवाज आला, ‘ए, खाकी सदरा. काय समजलं ते सांगू नकोस. ती दुसरी भाकरी चौघांत सारखी वाट.’ त्या पोरानं भाकरीचे दोन तुकडे केले, अर्धा आपल्यापुढं ठेवला आणि उरलेल्या अर्ध्याचे तीन तुकडे करून शेजाऱ्यांना दिले. वर्गात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. सर म्हणाले, ‘पोरगं उपाशी आहे. त्याला खाऊ द्या. बाई, पाठ नापास.’

आणखी एक आठवतं. आमच्यातल्या एका गुरुजींनी गोष्टीवरून प्रामाणिकपणा शिकवायला घेतला आणि लिहिलं, ‘विद्यार्थ्यांच्या अंगी प्रामाणिकपणा बाणेल.’ सरांनी विचारलं, ‘किती वाजता? तास पावणेबाराला संपतो.’ गुरुजी बिचारे परत गेले, आणि लिहून आणलं, ‘विद्यार्थी प्रामाणिकपणाची दोन उदाहरणे सांगतील.’ सर म्हणाले, ‘चोर चार सांगेल.’ गुरुजी रडकुंडीला आले. ‘मग सर, काय लिहू ते तुम्हीच सांगा,’ गुरुजी म्हणाले. सरांनी बराच वेळ पेन्सिल फिरवली आणि म्हणाले, ‘मला माहीत नाही. माहीत नाही ते लिहू नये, एवढं माहीत आहे.’ आम्ही या गोष्टी हसण्यावारी नेत होतो. हसण्यावारी नेता येईना असं झालं ते दुष्काळात.

त्या साली आमची सराव शाळा हळूहळू रिकामी झाली. आई-बाप दुष्काळी कामावर गेले आणि पोरंही त्यांच्यामागं गेली. गावापासून लांब एका ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. बाया खडी फोडायच्या, बापे खोदायचे, मातीच्या पाट्या वाहून भराव घालायचे, आणि पोरं दिवसभर त्यांच्या आजूबाजूला उन्हात. सर म्हणाले, पोरं शाळेत येत नसतील तर शाळा पोरांकडं जाईल. चार खांबांवर एक ताडपत्री ताणली, फळा बैलगाडीतून नेला, आणि आमचे सराव पाठ तिथं सुरू झाले. खोदकामात पक्का खडक लागला होता. तो फोडायला सुरुंग लावत. तिकडचे लोक त्याला बार म्हणायचे. बार उडायच्या आधी मुकादम शिट्टी मारायचा, लाल फडकं हलवायचा, आणि माणसं भरावाच्या पलीकडं जाऊन बसायची.

एका दुपारी बार उडाला आणि नारळाएवढा दगड आमच्या ताडपत्रीतून आरपार खाली येऊन फळ्याच्या पायाशी पडला. पोरं नेमकी सरकारी सुकडीचा खाऊ घ्यायला रांगेत गेली होती म्हणून वाचली. शाळा लांब न्यावी, तर आया पोरं नजरेआड सोडायला तयार नव्हत्या. कामावर एक ओव्हरसियर साहेब होते. माणूस वाईट नव्हता, पण वरून कामाचा तगादा आणि खालून पाण्याची ओरड यांत सापडलेला. ते येऊन दगड बघून गेले आणि जाताना म्हणाले, ‘मास्तर, पोरांना सुरुंगाचं नीट समजावून सांगा, म्हणजे झालं.’

तो पाठ माझ्याकडं आला. वर्षभर नियम पाठ असूनही घाईत माझ्या हातून लिहिलं गेलं, ‘मुलांना सुरुंगाचा धोका समजेल.’ या वेळी सरांनी खोडलं नाही, ओरडलेही नाहीत. चष्मा काढून हातात धरला. म्हणाले, ‘बाई, धोका समजलेलं पोरगं आणि न समजलेलं पोरगं, दोघंही भरावाच्या अलीकडंच उभी असतील, तर दगडाला त्यातला फरक कसा कळणार?’ मला पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यावर हसू आलं नाही.

मग त्यांनी स्वतः वाक्य सांगितलं आणि मी लिहून घेतलं. ‘शिट्टी ऐकताच प्रत्येक मूल हातातलं जागीच टाकून भरावाच्या पलीकडे जाईल, आणि दुसरी शिट्टी होईपर्यंत खाली बसून राहील.’ प्रत्येक शब्दाचं कारण त्यांच्याकडं तयार होतं. ‘विद्यार्थी’ नव्हे, ‘प्रत्येक मूल’, कारण विद्यार्थी म्हटलं की बरेचसे गेले तरी शिक्षक खूश होतो. ‘हातातलं जागीच टाकून’, कारण पाटीसाठी पोर मागं फिरतं. वाक्य त्यांनी फळ्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि दोन पावलं मागं जाऊन वाचलं. इतकं प्रसन्न मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी पाठ दिला. पोरांनी सगळी उत्तरं दिली. शिट्टी झाली की काय करायचं? पळायचं. कुठं? भरावापल्याड. सगळ्यांत पुढं बसलेली हौसा नावाची पोर तर माझ्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होती. सात-आठ वर्षांची असेल, पाटी आरशासारखी स्वच्छ, अक्षर मोत्याचं. एरवी ती मागं बसायची. नीटनेटकी म्हणून मीच तिला त्या आठवड्यात पुढं आणलं होतं. सर म्हणाले, ‘उत्तरं झाली. आता खरी शिट्टी वाजवून बघायची.’

मुकादम शिट्टी द्यायला तयार होईना. शिट्टी वाजली की सगळं कामच थांबतं, आणि काम थांबलं की बायांच्या मापात खडी कमी भरते. ओव्हरसियर साहेबांनी हात झटकले, ‘शाळा चालवा, तमाशा नको.’ दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर खोदलेल्या खडकावर, जिथं सुरुंगाची भोकं पाडून ठेवलेली, नेमके तिथं सर छत्री उघडून मांडी घालून बसलेले.

‘मास्तर, उठा. बार भरायचेत तिथं,’ साहेब म्हणाले.

‘मला धोका समजलाय,’ सर म्हणाले. ‘पूर्ण समजलाय. विचारा हवं तर.’ आणि ते जागचे हलले नाहीत.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. पण तेवढ्यानं त्यांना मुद्दा पटला असावा, किंवा वाढत्या उन्हात मास्तरांना काही होईल अशी भीती वाटली असावी. दुपारच्या सुट्टीत, कामकरी भाकरी खायला भरावापलीकडं गेलेले असताना, एकदा शिट्टी मारायची परवानगी मिळाली.

सरांनी मला ताडपत्रीपासून लांब उभं केलं. पोरं तुमच्याकडं बघून पळतील, शिट्टीसाठी नाही, म्हणाले. शिट्टी वाजली. पाट्या खाली पडल्या, धुरळा उठला, आणि पोरं पळाली. कडेवर भावंडं घेतलेल्या पोरीही पळाल्या. बघता बघता सगळी भरावापलीकडं दिसेनाशी झाली. मला आनंद झाला. मी सरांकडं वळले, तर ते हात वर करून मला थांबवत होते आणि ताडपत्रीकडं बघत होते.

हौसा तिथंच बसलेली होती. खाली मान घालून पाटीवर काहीतरी गिरवत होती.

थोड्या वेळानं तिनं मान वर केली. मागं वळली. आख्खी शाळा रिकामी. भरावापलीकडं खाली बसलेली माणसं इकडून दिसत नव्हती, त्यामुळं तिच्यापुरतं सगळं जगच उठून गेलं होतं. ती उभी राहिली. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर सरांनी माझं मनगट धरलं. ‘हाक मारू नका. कुठं जाते ते बघायचंय.’ ती पाटी छातीशी धरून निघाली, आणि गेली ती थेट खोदकामाच्या खाणीकडं, तिची आई रोज जिथं खडी फोडायची तिकडं. मला सरांचा इतका संताप आला की तो आजही आठवतो. त्या खडकात दारू भरलेली नव्हती हे मला माहीत होतं. तरी मी मनगट सोडवून घ्यायला धडपडत होते. ती चालत चालत नेमकी त्या भोकांपाशी जाऊन उभी राहिली, आणि आईला शोधत चहूकडं बघू लागली.

सर तिच्या मागून गेले. पाठीमागं उभं राहून त्यांनी टाळी वाजवली. मग तिचं नाव घेतलं, आधी हळू, मग ओरडून. ती वळली नाही. त्यांच्या छत्रीची सावली तिच्या पायापाशी आली तेव्हा दचकून वळली, आणि त्यांना बघून रोजच्यासारखी मान डोलवू लागली.

ती आमच्या वर्गात महिनाभर होती. बाकीची मान डोलवायची तेव्हा ती डोलवायची, बाकीची तोंड उघडायची तेव्हा ती उघडायची, आणि फळ्यावरचं हुबेहूब उतरवायची. सगळ्या विद्यालयात खिडकीतून पोरं बघणारा एकच माणूस, आणि त्याच्याही नजरेतून ती सुटली होती. सर ताडपत्रीखाली आले. फळ्याच्या कोपऱ्यातल्या आपल्या वाक्यातला ‘ऐकताच’ हा शब्द त्यांनी तळहातानं पुसला. ‘पोरगी नापास नाही,’ म्हणाले. ‘वाक्य नापास. वाक्य माझं.’

हौसाची आई धावत आली ती सरांच्या पायावरच पडायला. ‘तिला गोवर आल्ता, मास्तर, तवापास्नं ऐकू येत न्हाई. पर लई शानी हाय. सायबाला सांगू नका. बहिरी पोर हाय म्हनल्यावर तिला हितं येऊ द्यायचा न्हाई. आन् मग मी कामाला कशी येऊ? तिला घरी कुनापाशी ठिवू?’

तेवढ्यात साहेबच आले. लांबून त्यांनी पाहिलं होतं. ‘कोण पोरगी होती ती? का उठली नाही?’

‘वाक्यात चूक होती,’ सर म्हणाले. ‘दुरुस्त करतोय.’

‘वाक्य राहू द्या. पोरगी कुणाची?’

‘दुरुस्त करतोय म्हटलं ना.’

‘मास्तर, उद्या तिला काही झालं तर तुमचं विद्यालय राहायचं नाही, आणि माझी नोकरी राहायची नाही.’

‘मला माहीत आहे,’ सर म्हणाले. साहेब धुसफुसत गेले.

त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर मी सरांशी भांडले. वर्षभराचं सगळं बाहेर पडलं. तिला घरी पाठवा, म्हटलं. तुमचं एक वाक्य खरं करायला पोरीचा जीव कशाला टांगणीला लावता? सरांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाले, ‘घरी पाठवली तर जगेल. आईचं काम जाईल, हिची शाळा जाईल. पुन्हा कुणी हिला वर्गात बसवणार नाही. ठेवली तर...’

सकाळी फळ्यावर नवं वाक्य होतं. ‘शिट्टी होताच प्रत्येक मूल दोन्ही बाजूंच्या मुलांना हात लावून उठेल, आणि भरावाच्या पलीकडे जाऊन खाली बसेल.’ त्यात हौसाचं नाव नव्हतं. कान नव्हते, बहिरेपण नव्हतं. सगळ्या वर्गानं सगळ्या वर्गाला हात लावायचा, त्यामुळं कुणासाठी लावायचा हे साहेबांनाच काय, पोरांनाही कळत नव्हतं. हौसाला मधोमध बसवलं. मुकादमाची शिट्टी मिळेना तेव्हा सर स्वतः तोंडानं शिट्टी मारत आणि पोरं एकमेकांना चापट्या मारत उठत. खेळच झाला त्यांचा. हौसाच्या एका बाजूला बबन बसे आणि दुसऱ्या बाजूला कमळी. बबन माझा हुशार विद्यार्थी. कमळी मात्र माझ्या प्रत्येक पाठात नापास होणारी. धाकटा भाऊ कायम कडेवर, पाटी नाही, आणि काहीही विचारलं तर जमिनीकडं बघणार. भावाच्या ओझ्यानं ती सगळ्यांच्या मागं राही, म्हणून सरांनी तिला निराळं सांगून ठेवलं होतं. शेजारच्यांना हात लावायच्या भानगडीत तू पडू नकोस, पहिली तू निघ, आणि मागं वळून बघू नकोस. हौसासाठी बबन पुरे, असं ते मला म्हणाले.

पुढचा खरा बार उडायचा त्या दिवशी वारा सुटला होता. सकाळपासून वावटळी फिरत होत्या. बार दुपारचा ठरलेला, पण दारू भरून झाली होती आणि वाऱ्यात ती तशी ठेवणं धोक्याचं म्हणून साहेबांनी वेळ अलीकडं ओढली. आम्हाला निरोप मिळाला नाही. मी भरावाच्या टोकाशी पोरांसाठी पाणी ओतून घेत होते आणि सर ताडपत्रीपलीकडं खिळलेल्या नजरेनं खाणीकडं बघत होते, तेवढ्यात शिट्टी वाजली. पाठोपाठ सुरुंगवाला ओरडत पळत आला, ‘बत्ती दिली, बत्ती दिली.’

बत्ती दिली हे शब्द सरावात नव्हते. पोरं भेदरली. कमळी सांगितल्याप्रमाणं पहिली निघाली. बाकीच्यांनी हात लावले, काहींनी लावले नाहीत, आणि बबन, माझा हुशार बबन, कुणाकडंही न बघता सुसाट पळाला. वावटळीनं ताडपत्री फडफडून खाली झुकली आणि तिच्या आडोशाला मान खाली घालून बसलेली हौसा कुणाला दिसली नाही. मला दिसली. मी पळत सुटले. पलीकडून सरही पळताना दिसले, कोट उडतोय, छत्री केव्हाच पडलेली. आम्ही दोघंही लांब होतो. आम्ही दोघंही पोचणार नव्हतो हे मला पळतानाच कळत होतं.

कमळी भरावाच्या माथ्यावर पोचली होती. तिथं ती थांबली आणि तिनं मागं वळून बघितलं. मग कडेवरच्या भावाला तिनं माथ्यावर आलेल्या पहिल्या पोरीच्या हातात कोंबलं, आणि सगळी पोरं वर चढत असताना ती एकटी खाली उतरली. ती एवढी पळू शकते हे मला माहीत नव्हतं. तिनं ताडपत्री उचलली, हौसाचा दंड धरला आणि तिला ओढत आणलं. आम्ही मध्येच तिला गाठलं, आणि चौघंही भरावापलीकडं जाऊन आपटलो.

बार उडाला. जमीन हादरली. सगळ्या पोरांनी कान दाबून धरले. हौसानं दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले होते. दगड ताडपत्रीवर पडल्याचे आवाज आले, मग बारीक माती बराच वेळ आमच्या अंगावर पडत राहिली. हौसाची आई कुठूनशी येऊन तिला पोटाशी धरून बसली.

सर धापा टाकत कमळीकडं गेले. त्यांना बघताच कमळी अंग चोरून उभी राहिली. मार मिळणार अशी तिची खात्री होती.

‘मी तुला काय सांगितलं होतं?’ सरांनी विचारलं.

‘म्होरं जायचं. मागं बघायचं न्हाई.’

‘मग?’

‘चुकलं, मास्तर.’ कमळी जमिनीकडं बघत म्हणाली. ‘पर ती बसली हुती.’

सर माझ्याकडं वळले. त्यांच्या टोपीवर, भुवयांवर माती होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

‘बाई, हे तुम्ही शिकवलंत?’

‘नाही, सर.’

‘मीही नाही,’ ते म्हणाले, आणि कमळीपुढं मातीत खाली बसले.